घरची बदली

सोमवार, ३ तारीख
लागली बाई एकदाची नोकरी! हॉस्पिटलांच्या चादरी धुण्याचा कारखाना आहे आणि मी इस्त्रीच्या रोलरवर. मी ओली चादर आत सारायची, पलीकडून एका वयस्कर काकूने घडी घालायची. या काकूच्या तोंडातून दिवसभर शब्द निघत नाही, त्यामुळे दोघींच्या वाटचं मीच बोलते. सुटायची पद्धत मोठी गमतीची. बदलीची बाई मागून येते, खांद्यावर हात ठेवून 'सोड' म्हणते, की आपण मोकळ्या. तोवर जागेवरून हलायचं नाही. सहाला सुटले की तडक घर गाठायचं, चिमणीची वेणी सोडायची आणि शाळेतली गाऱ्हाणी ऐकायची, असं लेकीला कबूल केलंय. ती माझ्याशिवाय कुणाला केसांना हात लावू देत नाही, आजीलासुद्धा.

शुक्रवार, ७ तारीख
आज बदली वेळेवर आलीच नाही. अंधार पडून गेला तरी मी आपली चादरी सारतेय. मुकादम भारी गोड माणूस. म्हणाले, जादा कामाची बळजबरी नाही, कायद्याने तुम्ही नाही म्हणू शकता, फक्त बदली येईपर्यंत थांबा. आता यावर काय बोलायचं, कपाळ! घरी चिमणी गाल फुगवून बसली होती.

मंगळवार, ११ तारीख
पुन्हा तेच. मग मीही सुनावलं. आठ तास ठरलेत, त्यापुढे माझी संमती लागते, आणि ती मी दिलेली नाही. बाकीच्या बायका माना खाली घालून उभ्या. मुकादमांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घाई कशाची ते विचारलं. मी तणतणत म्हटलं, लेक वाट बघते, इथे बदली मिळत नसेल तर माझ्या घरी तरी पाठवा एखादी!
ते हसले नाहीत. म्हणाले, 'बरं. तिथे देतो.'
ते गेल्यावर काकू पहिल्यांदा बोलली. 'असं मागायचं नव्हतंस गं.'

गुरुवार, १३ तारीख
घरी पोचले तर चिमणी झोपलेली. वेणी सोडलेली, केस नीट विंचरलेले. सासूबाईंना विचारलं, तर म्हणे तूच नाही का विंचरलेस मघाशी? माझे गुडघेही चोळून दिलेस. वय झालंय त्यांचं, असं म्हणून सोडून दिलं. पण त्यांच्या गुडघ्यांना तेलाचा वास येत होता.

शनिवार, १५ तारीख
चिमणी म्हणते, संध्याकाळची आई चिडत नाही.
काकूला खोदून विचारलं. तिनेही एकदा अशीच बदली मागितली होती. आता काकूच्या घरी ती बदलीच असते. मुलीचं लग्नही तिनेच लावलं. काकू कारखान्यातच झोपते. मी इतके दिवस बडबडले, पण ती राहते कुठे, हे कधी विचारलंच नाही.
मुकादमांना सांगितलं, मला नको ती बदली, परत बोलवा. म्हणाले, तिची काही तक्रार नाही.

सोमवार, १७ तारीख
आज बदलीची वाट बघितली नाही. चादर रोलरमध्ये तशीच टाकून पळाले. कुणी अडवलं नाही. मुकादम म्हणाले, तुमची मर्जी.
आता घराबाहेर, दाराकडे पाठ करून पायरीवर बसलेय. लिहिलं नाही तर माझाच विश्वास —
आल्याबरोबर कडी वाजवली होती. सासूबाईंनी फटीतून बघितलं. कोण पाहिजे, विचारलं. मला. नातीला सांभाळणाऱ्या माझ्या सासूबाईंनी.
आत चिमणी हसत होती. आणि माझा आवाज, माझाच, तिला म्हणाला, 'कुणी नाही गं. कारखान्यातली बाई असेल.'
हाका मारल्या. चिमणे, मी, तुझी —
ती म्हणाली, आई आत आहे.
मी हलणार नाही. ही जागा माझी आहे. कुणाला दिलेली —
दार उघडलं. पावलं माझ्याच —
बघणार नाही मागे —
खांद्यावर हात. केसांच्या तेलाचा वास. म्हणतेय, सो