अकरा घरांचं पाणी आणि लंकाआत्याची विहीर

नाशिक,
प्रयोगशाळेतून

तीर्थरूप लंकाआत्यास,

निकिताचा साष्टांग नमस्कार (पाठ फिरवून बसली असशील तर पाठीलाच). गुडघा कसा आहे? मामांचा खोकला? गाय व्याली का? हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण महिना झाला तू माझा फोन घेत नाहीस. परवा मामांनी उचलला, "ती मळ्यात गेली" म्हणाले, आणि मागून तुझाच आवाज आला, "सांगा, घरात नाय म्हणून!" म्हणून हे पत्र. पोस्टमनला तू चहा पाजल्याशिवाय परत पाठवत नाहीस, एवढाच काय तो माझा आधार.

भांडण तुझ्या विहिरीवरून झालं, हे मान्य. पण माझी बाजू ऐक. माझ्या पीएचडीला तू "निकीची चमकणारी पावडर" म्हणतेस, ते अगदीच चूक नाही. टर्बियम नावाच्या धातूला आम्ही दुसऱ्या रेणूंच्या मधोमध बसवतो. त्यावर जांभळी बत्ती मारली (नोटा तपासायला असते ती) की ते हिरवंगार उजळतं. पाण्यात शिसं नाहीतर पारा असला की तो मध्ये घुसतो आणि उजेड विझतो. बायडाबाई ओट्यावर येऊन बसल्या की बाकीच्या बायका गप्प होतात, तसंच. तर सायखेड्यात तुझ्या गल्लीतल्या बारा घरांतून मी बारा बाटल्या गोळा केल्या. "विहिरीचं नाहीतर बोअरचंच पाणी द्या" असं प्रत्येकीला बजावलं होतं. मग तुझ्याच ओसरीत पोती टांगून अंधार केला, प्रत्येक बाटलीत चिमूटभर पावडर टाकली आणि सगळ्या जणींसमोर बत्ती मारली. अकरा बाटल्या उजळल्या, तुझी विझली. आणि मी दीडशहाणी सगळ्यांदेखत बोलून गेले, "आत्या, तुझ्या विहिरीत विष दिसतंय." त्यावर तू जे बोललीस ते मी वहीत नोंदवलेलं नाही, पण तोंडपाठ आहे.

इकडे आल्यावर सरांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. अकरा घरांच्या अकरा बोअरचं पाणी इतकं सारखं कसं, म्हणाले. म्हणून गेल्या आठवड्यात मी गुपचूप येऊन गेले (तुझ्या दारावरूनच, तोंडाला ओढणी बांधून. कुत्र्यानं ओळखलं, त्याला रागावू नकोस). बायडाबाईंना विचारलं, तर म्हणतात, "अगं, तू लांबून आलेली, तुला काय बोअरचं मचूळ पाणी द्यायचं? जारचं दिलं, गारेगार!" रंगूबाईंनीही जारचंच. सावित्रीबाईंचा जार संपला होता, तर त्यांनी रंगूबाईंकडून मागून आणलं! आत्या, मी कपाळावर हात मारून घेतला. अगं, ते पाणी मला प्यायचं नव्हतं! अकरा जणींनी माझा पाहुणचार केला, आणि सांगितलं तेच पाणी दिलं ते तू एकटीनं.

आता ते अकरा घरांचं खरं पाणी पुन्हा हवंय. मी मागितलं तर या वेळी सरबत मिळेल. तुझ्यापुढे मात्र गल्लीत कुणाची टाप नाही. तू स्वतः उभी राहून बाटल्या भरून घे. जार येत नाही त्या दिवशी तिथली लेकरं बोअरचंच पितात, आणि त्यात काय आहे ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

मामांना नमस्कार, गाईला गूळ.

तुझी (अजून नाव टाकलं नसशील तर) भाची,
निकिता

ता. क. : एक गोष्ट लाजेपायी मागे ठेवली होती. तुझी बाटली मोठ्या यंत्रावर तपासून घेतली. शिसं नाही, पारा नाही. मोटारीच्या जुन्या पाइपाचा गंज आहे. लोखंडानंही ही पावडर विझते, आणि हे मला त्या दिवशीही माहीत होतं. चारचौघींत हुशारी दाखवायची घाई झाली. चूक माझीच. पाइप बदल, आणि हा मजकूर बायडाबाईंना मोठ्यानं वाचून दाखव.

आणखी एक ता. क. : बाटल्या नाही मिळाल्या तरी चालेल. सर ओरडतील, ओरडू देत. तू फक्त फोन उचल. महिनाभर मला कुणी घालूनपाडून बोललेलं नाही, आणि आत्या, खरंच करमत नाही गं.