पडायला शिकवणाऱ्याचा सत्कार

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली निम्म्यावरच थांबते, उरलेला नमस्कार पोचला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींच्या कानाचं यंत्र सापडलं का? परवा फोनवर मी त्यांना "सत्कार आहे" म्हणालो, तर ते हळहळून "अरेरे, कोण गेलं?" म्हणाले. तेव्हाच ठरवलं की सगळं सविस्तर लिहूनच कळवावं. इथे आम्ही दोघं बरे आहोत. ही गेले चार दिवस माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत उत्तम आहे.

तर सत्कार. या गावात ज्यूदो आणला तो मी, हे तुला माहीतच आहे. लाँड्रीच्या मागच्या गोदामात त्रेचाळीस वर्षं क्लास चालवला. (इस्त्रीचा वास आला की माझे जुने विद्यार्थी अजूनही आपोआप पाय फाकवून सावध उभे राहतात.) इतर मास्तर पहिल्या दिवसापासून समोरच्याला पाडायला शिकवतात. मी पहिली तीन वर्षं फक्त पडायला शिकवतो. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात जमिनीवर फाडकन, एक लोळण, मग उठून उभं राहायचं आणि वाकून नमस्कार. आता बहुतेक मंडळी तीन वर्षांनी कंटाळून सोडून जातात, त्यामुळे गावात दुसऱ्याला पाडू शकणारे जेमतेम सात आणि स्वतः पडू शकणारे हजारो. समाजकार्य म्हणून मी पोस्टमन, नर्सबाई, शिडीवरचे रंगारी, वृद्धाश्रम, कुणालाच सोडलं नाही. शेवटी पडून हाड मोडणं गावातून बंदच झालं. हाडांचे डॉक्टर रिकाम्या दवाखान्यात रंगीत मासे पाळू लागले. मी स्वतःला धन्य समजत होतो.

आणि मग नगरपालिकेचे इंजिनिअर मानपत्राचा मसुदा घेऊन घरी आले. त्यात लिहिलं होतं की गेल्या वीस वर्षांत नगरपालिकेला एकही कठडा बसवावा लागला नाही, एकही खड्डा बुजवावा लागला नाही, आणि याचं संपूर्ण श्रेय मास्तरांना जातं. मला वाटलं, टाइप करताना काहीतरी गडबड झाली. मी तसं म्हणालोही. इंजिनिअर हसून म्हणाले, "गडबड कसली मास्तर? पडलं तर पडलं. लोकांना येतंच की!"

ताई, त्या दिवशी मी माझंच गाव पहिल्यांदा नीट पाहिलं. वाचनालयाच्या जिन्याला कठडा नाही. नाल्यावरच्या पुलाला तर एक बाजूच नाही. मंडईसमोर ऐंशीच्या घरातल्या एक आजी भाजीची पिशवी घेऊन उघड्या गटारात गेल्या. आतून फाडकन आवाज आला, मग लोळण, मग आजी पलीकडून वर आल्या, मला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मास्तर, मान बरोबर होती ना?" मी म्हणालो, "बरोबर होती." दुसरं काय म्हणणार? पण घरी आल्यावर विचार करत बसलो. आयुष्यभर मी लोकांना सावरत होतो की त्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायला मदत करत होतो, हेच कळेना.

सत्कार घ्यायचा नाही असं ठरवून मी व्यासपीठावर गेलो. व्यासपीठ बांधलं होतं माझ्या पहिल्या तुकडीतल्या सुताराने. (खिळे त्याने फक्त दिसतील तिथे मारले होते. विचारलं, तर त्याचंही उत्तर तेच, लोकांना येतंच की.) वर आम्ही अठरा जण. इंजिनिअर खाली उभे राहून माइक सांभाळत होते. मी बोलायला उठलो आणि फळ्या खाली गेल्या. सतरा जणांचे तळहात एकाच क्षणी फाडकन वाजले, सतरा जण लोळले, उठले आणि वाकले. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. "पुन्हा एकदा!" असा ओरडा झाला. अठरावे म्हणजे अध्यक्ष, हाडांचे डॉक्टर. धंद्याशी इमान म्हणून त्यांनी माझ्याकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. ते पोत्यासारखे पडले. मनगट धरून उठले आणि भरल्या डोळ्यांनी मला म्हणाले, "मोडलं, मास्तर! अकरा वर्षांनी मोडलं!" प्लॅस्टर घालायला त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही, म्हणून ते सांगत गेले आणि हिने घातलं. दोन बोटं जास्तीची आत गेली, पण डॉक्टर खूश होते.

त्या मोडक्या फळ्यांत उभा राहून मी जाहीर केलं की गावात कठडे लागेपर्यंत क्लास बंद. (तेव्हापासून मी दिवसभर घरी असतो, म्हणून ही बोलत नाही.) इंजिनिअर नियमावर बोट ठेवून म्हणाले, असा क्लास बंद करता येत नाही, तुमच्या गुरूंचा अभिप्राय हवा. मी म्हणालो, माझे गुरू हयात आहेत, कडक आहेत, कुणाला भेटत नाहीत. ते म्हणाले, मग आम्हीच जाऊन भेटतो.

बाकी ठीक. लोभ आहे तेवढा असू दे, वाढला तर हरकत नाही.

तुझा धाकटा

ता. क. इंजिनिअर आणि त्यांचा कारकून असे दोघं गुरुवारी सकाळी दहाला तुझ्याकडे येतील. गुरू म्हणून मी तुझं नाव दिलंय. रागावू नकोस, खोटं नाही ते. ज्यूदो मी एका पुस्तकावरून शिकलो आणि त्यातली पडण्याची पानं वाळवीने खाल्लेली होती. पडायला मला तूच शिकवलंस. एका खाटेवर झोपायचो आपण, आणि सहा वर्षं रोज सकाळी तू लाथ मारून मला खाली टाकायचीस. हनुवटी छातीला लावायची हे मला तिथेच कळलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. तू फक्त "आधी कठडे, मग क्लास" एवढंच म्हण आणि गप्प बस. (जमेल ना?)

ता. क. २. त्यांना प्रात्यक्षिकही पाहायचंय. दोघांतले उंच ते इंजिनिअर. त्यांना खाटेच्या कडेला बसव आणि आपली जुनी लाथ घाल. पाच वर्षं मास्तरांकडे शिकलो असं ते सगळ्यांना सांगतात. मी काल सगळ्या हजेरीवह्या चाळल्या, त्यांचं नाव कुठेच नाही.