घरातली जबाबदार व्यक्ती

६ जानेवारी

तीर्थरूप दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

तू आणि आई खुशाल असालच. मी मात्र रागाने नुसती धुमसते आहे.

विमान चालवायला शिकणार म्हटलं तेव्हा तू हसला होतास. परवा फ्लाइंग क्लबात अर्ज घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळे, कान, छाती सगळं तपासून पास केलंय. तरी खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. अर्जदार बाई असेल तर घरातल्या जबाबदार व्यक्तीची संमती लागते म्हणे. यजमानांची आणा म्हणाला. लग्नच केलं नाही म्हटलं. वडिलांची आणा म्हणाला. ते वारले म्हटल्यावर, मग भाऊ असेलच की, असं त्यानेच मला समजावलं. अरे, शेहेचाळीस वर्षांची घोडी मी! चोवीस वर्षं प्रगतिपुस्तकांवरच्या पालकांच्या सह्या तपासते, खोटी सही लांबून ओळखते, आणि मलाच पालक हवा! माझ्यामागे रांगेत आमच्याच शाळेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेला एक दिवटा होता, विज्ञानात काठावर पास. त्याचा अर्ज बिनसहीचा घेतला.

इतकी वर्षं फळ्यावर पंख काढून हवा तो कसा उचलते हे शिकवतेय. एकदा ते माझ्या हातांना कळू दे, एवढंच मागणं आहे. अर्ज सोबत आहे. सही करून एकतीस तारखेच्या आत थेट क्लबला धाड. पुढच्या वर्षी माझं वय त्यांच्या अटीत बसणार नाही.

राग नियमावर आहे, तुझ्यावर नाही. तेव्हा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
बेबी


१४ जानेवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. सही मी करणार नाही. झोपाळ्यावर घेरी यायची तुला, आणि निघालीस विमान हाकायला! अठराव्या वर्षी हेच खूळ घेतलं होतंस. बाबांनी तो अर्ज फाडला म्हणून आज धडधाकट आहेस. आताचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तिथेच राहील.

तुझ्या भल्यासाठी आणखी एक केलं आहे. बहिणीचं मन हल्ली थाऱ्यावर नाही, तिच्यावरचा भार हलका करावा, असं तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंना कळवलं आहे. थोरल्याला हे करावंच लागतं. राग मानू नकोस.

आशीर्वाद आहेतच.

दादा


२२ जानेवारी

ती. दादास,
न. वि. वि. (साष्टांग या वेळी मुद्दाम गाळला आहे.)

माझा दहावीचा वर्ग काढून घेतला. मुख्याध्यापिकाबाईंनी आत बोलावून आधी पाणी दिलं आणि आजारी माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात, काही दिवस वाचनालय सांभाळा म्हणाल्या. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की गप्पा थांबतात. चित्रकलेच्या सरांनी माझी खुर्ची खिडकीपासून लांब सरकवली. मी उडी मारीन म्हणून! एरवी मीच हसले असते. परीक्षेला सहा आठवडे उरलेत, प्रकाशाचा धडा अर्धा राहिलाय, आणि मी पुस्तकांना कव्हरं घालते आहे.

दादा, नाही म्हणायचा हक्क तुझा होता. मला वेडी ठरवायचा हक्क तुला कुणी दिला? क्लब एका माणसाला एकच अर्ज देतो. माझा मला परत पाठव.

लोभाचं नंतर बघू.

बेबी


५ फेब्रुवारी

चि. बेबीस,
आशीर्वाद.

काल क्लबाचं कार्ड माझ्या पत्त्यावर आलं. संमती पोचली, अर्ज मंजूर. खण उघडला तर अर्ज गायब! मी कचेरीत असताना येऊन गेलीस ना? बेबी येऊन गेली का असं आईला विचारलं, तर तिने ऐकूच न आल्यासारखं केलं. पोरांच्या खोट्या सह्या पकडणारी बाई स्वतः भावाची खोटी सही करते! लाज कशी वाटली नाही? ती सही माझी नाही असं मी क्लबला कळवणार आहे.

आई आठ तारखेला तुझ्याकडे निघते आहे. का, ते सांगत नाही. तिला न्यायला स्टेशनवर जा.

दादा


९ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. तुझं पत्र बेबी मला वाचून दाखवत होती. निम्म्यावर तिने ते माझ्या हातात दिलं, मग चष्मा लावून मीच वाचलं. अर्ज मंजूर झाल्याचं तिला त्या पत्रातूनच कळलं. खोटी सही तिने केलेली नाही. खरी सही मी केली आहे.

चष्मा शोधताना तुझा खण उघडला. अर्जावर घरातल्या जबाबदार व्यक्तीची सही असं छापलं होतं. घरात मी आहे. जबाबदार नाही असं वाटत असेल तर तोंडावर सांग. हात थरथरतो म्हणून आधी वर्तमानपत्राच्या कडेला चार वेळा सही गिरवली, मग अर्जावर केली. नात्यापुढे आई लिहिलं आणि काठी टेकत टपालपेटीपर्यंत गेले. तू विचारलंस तेव्हा मला चांगलं ऐकू आलं होतं. पण तू बेबीचं विचारलंस, माझं विचारायचं तुझ्या मनातही आलं नाही. त्याचाच राग आला. तू तिला लगेच चोर ठरवशील असं मात्र वाटलं नव्हतं.

तुझ्या बाबांनी तो पहिला अर्ज फाडला तेव्हा केरसुणी घेऊन ते तुकडे मी गोळा केले, आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. अठ्ठावीस वर्षं ते मला टोचतंय.

क्लबला काय लिहायचं ते खुशाल लिही. त्याआधी सोबतचा कागद बघ. मुख्याध्यापिकाबाईंना पत्र आहे. बहिणीबद्दल मी खोटं लिहिलं, तिचं मन ठिकाणावर आहे, तिचा वर्ग तिला परत द्यावा, एवढाच मजकूर. तो मी लिहिलाय आणि खाली जागा सोडली आहे. तिथे माझी सही चालणार नाही, तुझीच लागेल.

ते पत्र शाळेत पोचेपर्यंत मी इथेच आहे. माया कमी झालेली नाही, रागही नाही.

तुझी,
आई