रिकामा डावा कोपरा

३ फेब्रुवारी १९८७
आइस हॉकीच्या सरावात रबरी चकती थेट मुखवट्यावर, डाव्या डोळ्यापाशी. त्याची जाळी वाकली, मी नाही! – असं सगळ्यांना ऐकवलं. रौनो, पूर्वी माझ्याच संघात होता, आता आमचा प्रशिक्षक, म्हणाला, "डॉक्टरला दाखव." दाखवलं नाही. अडतिसाव्या वर्षी गोलरक्षक डॉक्टरकडे गेला की परत येतो तो प्रेक्षक म्हणून.

११ फेब्रुवारी
डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा. सकाळी कॉफी ओतली – टेबलावर. मार्युक्का बघत होती. "कप अलीकडे आहे," एवढंच म्हणाली. सोळा वर्षांचा संसार. बायको ओरडत नाही तेव्हाच जास्त धास्ती वाटते.

१९ फेब्रुवारी
कोणी ओळखू नये म्हणून लांबच्या शहरातल्या डॉक्टरकडे गेलो. टोपी कपाळापर्यंत ओढलेली. दारातल्या नर्सनेच सही मागितली!
डॉक्टर म्हणाले, "हा डोळा गेला. त्याच आठवड्यात आला असतात तर..." आणि मग, "खेळणं बंद. डावीकडून उंच आलेली चकती तुम्हाला दिसणारच नाही. दुसराही घालवून बसाल."
मी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. संध्याकाळी सरावाला हजर.

२७ फेब्रुवारी
आता मान डावीकडे वळवून उभा राहतो. उजवा डोळा दोघांची पाळी करतो. पेपरात माझ्याबद्दल आलंय – "रौतावुओरीची नवी शैली! अठरा हंगाम, दोन ऑलिंपिक, तरी हा माणूस अजून शिकतोच आहे!" गोठलेल्या तलावावर शाळेची पोरं माना वाकड्या करून गोलपुढे उभी होती. बेकरीवाल्याने तर माझ्या नावाचा पाव काढलाय. मधोमध भोक. गोलरक्षकाच्या नावाने!

८ मार्च
वेसा आमचा राखीव गोलरक्षक. चोवीस वर्षांचा, दोन्ही डोळे शाबूत. विचारत होता, "इल्पो, मान नेमकी किती वळवायची?" मी अर्धा तास शिकवलं. गंभीर चेहऱ्याने! घरी येताना स्वतःचीच लाज वाटली. जागा त्याची, आणि चिकटून बसलोय मी.

१४ मार्च
मार्युक्काला कोटाच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी सापडली.
"अंतिम फेरी तेवढी होऊ दे," मी म्हणालो.
"आणि मग? काठी देऊ का हातात? ती पांढरी?"
"मार्युक्का..."
"कौतुकाला इतका हावरा असशील असं वाटलं नव्हतं रे."
ती खोटं बोलत असती तर भांडलो असतो.

२५ मार्च
अंतिम फेरीत दोघांचे तीन-तीन सामने जिंकून झाले. रविवारी शेवटचा सामना. पलीकडच्या संघाचा कर्णधार यौको. राष्ट्रीय संघात दहा वर्षं आम्ही एकाच खोलीत राहिलो. माझं घोरणं आणि त्याचं गाणं – बरोबरी. समोर एकटा गोलरक्षक सापडला की तो उंच मारतो, गोलरक्षकाच्या डाव्या कोपऱ्यात. अख्ख्या फिनलंडला ठाऊक आहे. मला नेमका तोच कोपरा दिसत नाही. वा!

२९ मार्च
जिंकलो!! ३-२.
शेवटचं मिनिट. यौको चकती घेऊन एकटा सुटला. मी अंदाजाने डावा हात वर टाकला – तिथे नुसता काळोख. आणि चकती आली खालून, उजवीकडे, माझ्या पायाच्या पॅडवर. मी अडवली नाही, तीच येऊन धडकली. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मार्युक्का आलीच नव्हती.

३० मार्च
"यौकोच्या मनातलं कसं ओळखलंत?" – जो तो विचारतोय. मी नुसता गूढ हसतो. गाढव!

२ एप्रिल
यौकोचा फोन आला. अभिनंदन वगैरे. मी चिडवलं, "म्हातारा झालास लेका, वरचा कोपरा मोकळा सोडलास!"
तो म्हणाला, "शनिवारी मार्युक्काचा फोन आला होता. रडत होती. तुझ्या डोळ्याचं सांगितलं. वर मारू नकोस, म्हणाली. मी हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं, इल्पो. पण तू समोर दिसलास... वर मारायला हात उचलला गेलाच नाही. आमच्या संघातल्या पोरांना हे कळता कामा नये."
फोन ठेवला. मार्युक्का बटाटे सोलत होती. तिने वर पाहिलं नाही. मी कोट चढवला आणि रौनोच्या घरी निघालो, डोळ्याचं सांगायला. फक्त डोळ्याचं.