पावसच्या लग्नाची मूळ टेप

बाबा, पावसच्या त्या लग्नाची टेप मी बिघडवली नव्हती. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हे तुम्हाला ऐकवायचंच आहे.

मी दहावीत होते. लाइट धरणारा आला नाही, म्हणून लाइट तुम्ही घेतलात आणि कॅमेरा माझ्या खांद्यावर दिलात. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी श्वाससुद्धा जपून घेतला. महिन्याभराने नवरीकडची माणसं कॅसेट घेऊन मांडवीच्या आपल्या दुकानात आली. भटजींचा आवाज पुढे धावतोय आणि तोंड मागाहून हलतंय, म्हणाली. तुम्ही सरळ माझ्याकडे बोट केलंत. "पोरीच्या हातात कॅमेरा दिला, माझंच चुकलं." मी शाळेचं दप्तर घेऊन तिथेच उभी होते. त्यानंतर तुम्ही मला कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाही हात लावू दिला नाहीत.

आता दुकान मी चालवते. लोक जुन्या टेपा आणतात, मी त्या कॉम्प्युटरवर घेऊन देते. गेल्या आठवड्यात तीच नवरी आली, केस पांढरे झालेली, हातात तीच कॅसेट. मी लोखंडी कपाटातून तुम्ही कॅमेऱ्यातून काढून ठेवलेली मूळ टेप शोधली. आपल्या हवेत टेपेला बुरशी धरतेच. डाग आला की कॉम्प्युटर चित्राच्या दोन-चार फ्रेम गाळतो, आवाज मात्र सगळा घेतो, त्यामुळे आवाज मागे मागे पडत गेला. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि मग "सावधान" ऐकू आलं. पण प्रत्येक डागापाशी कापून, ओठ बघून बघून मी दोन दिवसांत सगळं जुळवलं. मूळ टेपेत आवाजाचा काहीही घोळ नव्हता. होती ती फक्त जनरेटरची घरघर.

ती घरघर नको म्हणून तुम्ही कॅसेट बनवताना वर, लग्नात भटजींजवळ ठेवलेल्या तुमच्या टेपरेकॉर्डरवरचा आवाज चढवलात. आणि त्यातले सेल? अंगणात आमसुलांशेजारी उन्हात वाळत घातलेले, संपलेले सेल! नवे घालायचं तुमच्या जिवावर यायचं. रेकॉर्डर लग्नात रखडत फिरला, दुकानात विजेवर पूर्ण वेगाने वाजला, म्हणून कॅसेटवर आवाज पळाला. तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं. ती माणसं गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते सेल गुपचूप फेकलेत, मी पाहिलंय.

नवरीला मी तिची कॅसेट आणि मूळ टेप, दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवलं.

"म्हंजे तुझी चूक नव्हतीच गो?"

"नव्हती."

"मग बापाला बोलली का नाहीस?"

"आता बोलतेय," मी म्हटलं.

आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही, तेही ऐकून ठेवा. हे पत्र टाकायला पेटी नाही म्हणून काही मी आवाज खाली घेणार नाही.

फक्त एक आहे. मंगलाष्टकांनंतर मी कॅमेरा खाली घेतला, पण बंद करायला विसरले. चित्रात नुसती जमीन, सांडलेल्या अक्षता आणि तुमचे अनवाणी पाय. त्यावर तुमचा आवाज येतो, "हात नाय हलला गो तुझा. माझा हलला असता." तिथे कुणाचे ओठ दिसत नाहीत. जुळलंय की नाही, कळायला काही मार्ग नाही. नवरीच्या प्रतीत मी तो तुकडा घातला नाही. पण आज सकाळपासून बाकी सगळं काम बाजूला ठेवून मी तोच जुळवत बसलेय.