निवट्यांसाठी आठ आठवडे

११ जानेवारी

पुन्हा उत्पन्नाचा दाखला! जी स्कॉलरशिप उघडावी तिच्यात हा रकाना आहेच, आणि तिथेच माझं गाडं अडतं. बाबांना चाळीचं जे भाडं येतं, ते त्यातल्या मर्यादेत मावत नाही. कागदावर मी पैसेवाल्याची पोर. प्रत्यक्षात बाबांचं एकच पालुपद — "बी.एस्सी. कर, मंग बस झाला." हळदीला डीजे तीन आणतील, पण एम.एस्सी. म्हटलं की ऐकूच येत नाही.

मे महिन्यात विपुलदादाचं लग्न. त्यानंतर नंबर माझा. त्याआधी एकदा तरी कुठल्यातरी खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचंय. तिथल्या कुणी सांगितलं की ही मुलगी चांगली आहे, तर पुढच्या शिक्षणासाठी निदान भांडता तरी येईल.

दीक्षाला सांगितलं. माझ्या वर्गातली, तुर्भ्याची. तिचे पप्पा न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवतात, त्यामुळे हे सगळे फॉर्म तिला पाठ. ती म्हणाली, "येडे, तू चुकीच्या लाइनीत उभीयेस. स्कॉलरशिप सोड. उन्हाळ्याची फेलोशिप शोध. तिथे बापाचं उत्पन्न नाय, तुझं डोकं विचारतात."

हे दोन वर्षांत एकाही सरांना सांगावंसं वाटलं नाही!

१४ जानेवारी

शोध शोध शोधलं. निम्म्या ठिकाणी तारीख गेल्या वर्षीची. काही फक्त शेवटच्या वर्षासाठी. एकाने आधी 'नोंदणी फी' मागितली. दीक्षा — "जो आधी पैसे मागतो तो चोर. बंद कर."

आणि मग सापडली! केरळच्या किनाऱ्यावरची संस्था. खाडी, खारफुटी, तिथले जीव. दुसऱ्या वर्षाचे चालतात. आठ आठवडे, हॉस्टेल, प्रवासखर्च, वर महिन्याला काहीतरी हातात. उत्पन्नाचा रकानाच नाही! मी तीनदा वर-खाली करून बघितलं. हायसं वाटणं म्हणजे काय ते आज कळलं.

१८ जानेवारी

दादाचा साखरपुडा. होणारी वहिनी क्षिप्रा उरणकडची. तिचं घर मिठागरवाल्यांचं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणे, परीक्षा देऊन लग्नानंतर सोडणार. दिवसभर नखांचे फोटो काढत होती. सोडतेय तर सोडू दे बाई!

२१ जानेवारी

फॉर्ममध्ये एक पान कोरं: तुम्हाला काय शोधायचंय आणि का? दोन दिवस तोंड बघत बसले त्याचं. इतकी वर्षं उत्तरं पाठ केली, प्रश्न कोणी मागितलाच नव्हता.

आज आईने निवट्या आणल्या, खाडीच्या चिखलात उड्या मारतात ते मासे. साफ करताना एक टुणकन मोरीतून उडाली आणि गॅसखाली गेली. आई ओरडतेय, "धर तिला!" आणि मी खाली वाकून बघत बसले. पाण्याबाहेर इतका वेळ मजेत कशी? चिखलात भराव पडला की ती नव्या जागी बीळ करते की मरते? आमच्या खाडीत तर भरावाशिवाय दुसरं काही नाहीच.

पान भरलं. निवटीचं कालवणही झालं. मला खाताना जरा अपराधी वाटलं, पण झक्क झालं होतं.

२४ जानेवारी

शिफारसपत्र हवं म्हणून झूलॉजीच्या चंद्रशेखर सरांकडे गेले. सर मोबाइलमधून मान वर न काढता — "तूच लिहून आण, मी सही करतो."

स्वतःची स्तुती स्वतः कशी लिहायची? 'सदर विद्यार्थिनी अत्यंत मेहनती' लिहिलं आणि लाजेने खोडलं.

२५ जानेवारी

दीक्षाने तोडगा काढला. तिला पुण्याच्या एका संस्थेसाठी पत्र हवंय. तिचं मी लिहायचं, माझं तिने. कॅन्टीनमध्ये पाठीला पाठ लावून बसलो.

तिने लिहिलंय — 'ही मुलगी भांडखोर आहे. प्रयोगाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर ती पुस्तकाशीही भांडते. पण स्वतःची नोंद कधी बदलत नाही.' मला रडूच आलं. सरांनी न वाचता सही ठोकली. बरंच झालं!

३१ जानेवारी

पाठवला. आता गावदेवीच्या हवाली.

२४ मार्च

निवड झाली!! माझी! दीक्षाचीही, पुण्याला! कॉलेजच्या जिन्यात दोघी इतक्या किंचाळलो की शिपाई धावत आला. पालकांची सही तेवढी राहिली. तेवढीच.

२६ मार्च

सांगितलं. बाबा जेवत होते. "म्हंजे तुना तय राव्हाला पैसे देनार?"

हो म्हटलं.

"किती देतान? मी दुप्पट देतो. घरी बस."

मी म्हटलं, प्रश्न पैशाचा नाही. तर ताट सरकवलं. "कमळाकरची पोर दुसऱ्याचे पैशाव शिकते, असा गाव बोलल! आमी काय भिकेला लागलो काय?"

म्हणजे इतके दिवस ज्या रकान्यात अडकले, तोच रकाना घरात निघाला. खूप रडले. रागानेच जास्त.

२९ मार्च

सही नाही. बोलणं नाही. दीक्षा म्हणते धीर धर. तिला सोपंय बोलायला, तिच्या पप्पांनी पेढे वाटले.

३ एप्रिल

गावदेवीची जत्रा. पालखीपुढचा पहिला मानाचा नारळ आमच्या घराला. बाबा दरवर्षीसारखे नवा सदरा घालून दोन्ही हातांनी घेऊन आले आणि देव्हाऱ्यापुढे ठेवला.

आई — माझी पुतळाबाई, जी बाबांपुढे कधी चढ्या आवाजात बोलत नाही — भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी दरसाल नारल आनता. आपले घरान नारल नाय म्हनून देतान काय?"

बाबा म्हणाले, "येडी का खुली तू? तो मान हाय!"

"मंग पोरीचा पन मानच हाय. त्यांनी तिना निवडली. गरीब म्हनून नाय दिला."

भाकरी तव्यावर करपली, कोणी उलटेना.

४ एप्रिल

सकाळी चहाबरोबर बाबा, "कय करू सही?" मी जागेवर बोट ठेवलं.

बस. इतकंच. आईच्या पाया पडले तर म्हणते, "बाजूला हो, दूध उतू जाल."

९ एप्रिल

कहर! नाक्यावर बॅनर! 'शास्त्रज्ञपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. माझा फोटो पासपोर्टएवढा, दादा गॉगल लावून पुरुषभर. आठ आठवडे शिकायला जातेय हो, शास्त्रज्ञ कुठली! बाबांना म्हटलं उतरवा, तर म्हणाले, "आज ना उद्या होशीलच ना? मंग राहू दे."

लाज वाटली. पण जुईनगर स्टेशनला जाताना रोज वाट वाकडी करून बघून येते.

६ मे

दादाचं लग्न पार पडलं. करवली म्हणून नाचून नाचून टाचा फुटल्या. आता फक्त बॅग. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

११ मे

सकाळी मी बॅग भरत होते. वहिनी दारात येऊन उभी राहिली. हातावरची मेंदी अजून पुरती उतरलेली नाही. हळूच म्हणाली, "ताई, त्या फेलोशिपला लग्न झालेल्या चालतान काय?"

मी म्हटलं, फॉर्ममध्ये लग्नाचा रकाना नाही.

"आमचे मिठागरान उन्हाल्यात पानी गुलाबी होतं. त्यान काय जगतं, मना शोधाचा हाय. कवापासून." मग म्हणाली, "माझा पत्र तू लिवशील?"

पान भरायला मला दोन दिवस आणि एक निवटी लागली. हिचं पान तयारच होतं, हिला कोणी फॉर्मच दाखवला नव्हता. मीही नाही.

फॉर्म पुढच्या जानेवारीत निघेल, पण त्यासाठी तिचं कॉलेज सुटता कामा नये; तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अजून घेता येतो. बॅग तशीच उघडी टाकून आईकडे गेले. म्हटलं, आई, ती नारळाची गोष्ट बाबांना परत एकदा सांगायला लागेल, या वेळी वहिनीसाठी.