डोळे झाकून काढलेला नकाशा

४ जून
घटस्फोटाला आठ महिने झाले. आज घराचा अर्धा वाटा मागायचं नक्की केलं. घर तिच्या नावावर आहे, हे खरं. पण नावानं घर होत नाही, ते घडवावं लागतं. घडवलं कोणी? बावीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढलेल्या माणसानं. वाईट वगैरे वाटत नाही. काहीच वाटत नाही. कामाला बरं पडतं.

६ जून
वकीलबाईंना भेटलो. म्हणाल्या, घरात तुम्ही काय काय केलंत ते दाखवावं लागेल. म्हटलं, सगळंच. म्हणाल्या, सगळंच म्हणजे नेमकं काय? बाईंना खोदून विचारायची सवय आहे. शेवटी प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं, की लग्नानंतर माझ्या देखरेखीशिवाय घरात एकही बदल झालेला नाही. सही ठोकली. त्यांना घराचा नकाशा हवाय. मूळ नकाशा तिच्याकडे. म्हटलं, कशाला हवा तो? डोळे झाकून काढून देतो.

९ जून
उद्यापासून पहाटे उठून नकाशा.

१५ जून
उठणं जमलं नाही. पेन्सिलीला टोक मात्र केलं.

१७ जून
नकाशा पूर्ण, एका बैठकीत. हॉल, माझी खुर्ची, टीव्ही, बाल्कनी, माझं टेबल. मधोमध लाल रेघ मारली. हॉल-बाल्कनी मला, स्वयंपाकघर तिला. आडमुठेपणा करतो असं कोणी म्हणायला नको.

२४ जून
लेकीचा फोन. ती आईजवळ असते. म्हणाली, बाबा, नको ना हे. वाटा द्यायला आईला घर विकावं लागेल, मग आम्ही जायचं कुठे? म्हटलं, विकायचं कशाला? मी लाल रेघेच्या अलीकडे राहीन की. तिनं फोन ठेवला. पटलं असावं.

२ जुलै
कोर्टाचा मोजणीदार घर पाहून आला. वकीलबाईंचा फोन. तुमच्या नकाशात स्वयंपाकघराला खिडकी नाही, म्हणाल्या. म्हटलं, नाहीच आहे. म्हणाल्या, आहे. ओट्यासमोर, चार फूट रुंद.

म्हणजे मी घर सोडल्यावर माझ्या माघारी भिंत फोडली! या खिडकीसाठी तिनं वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लंय. दर वेळी सांगायचो, पुढच्या आठवड्यात ड्रॉइंग काढून देतो. आता आयतीच तावडीत सापडली. बाजी मारल्यात जमा.

८ जुलै
तिनं कोर्टात फोटो दिला. सहा वर्षांपूर्वीचा मार्च. लेक शाळेच्या कपड्यांत, फोडलेल्या भिंतीच्या भोकातून हात हलवतेय. मागे हॉलमध्ये खुर्चीत कोणीतरी बसलंय, तोंड पेपराआड. तो मीच कशावरून? हल्ली कॉम्प्युटरवर काय वाटेल ते करता येतं.

माझ्याकडे पंधरा वर्षांच्या रोजनिश्या आहेत. एवढा पुरावा कोणाच्या बापाकडे नसेल. उद्या ट्रंक उघडतो.

९ जुलै
ट्रंकेची किल्ली सापडत नाही.

१२ जुलै
सापडली. खिशातच होती. सहा वर्षांपूर्वीचा मार्च उतरवून ठेवतो.

'१४ मार्च. दिवसभर ठोकठोक. शेजाऱ्यांना काही रीतभात नाही. टीव्ही मोठा केला.'

'१५ मार्च. घरभर धूळ. हिला म्हटलं, जरा झाडत जा. हसली. का, ते कळलं नाही.'

'१७ मार्च. जेवताना डोळ्यांवर उजेड येत होता. खुर्ची फिरवून बसलो.'

वही मिटली. तिचं ते हसू आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवलं. 

१३ जुलै
रोजनिश्या पुरावा म्हणून दाखल करायच्या नाहीत, असं ठरवलं. खासगी गोष्ट आहे.

१९ जुलै
दावा मागे घेतला. वकीलबाईंनी कारण विचारलं नाही. म्हटलं, लेकीसाठी मन मोठं केलं. त्या बरं म्हणाल्या.

२१ जुलै
लेक रविवारी येणार. माझी भाड्याची खोली कशी आहे, विचारत होती. म्हटलं, थांब, नकाशाच पाठवतो. पेन्सिल घेऊन बसलो. दार, पलंग, खुर्ची, टेबल पटापट झालं. स्वयंपाकाच्या कोपऱ्याशी हात थांबला. ओट्यासमोर खिडकी आहे का? नऊ महिने रोज तिथंच उभा राहून चहा करतो. आठवेना.

उठून पाहून आलो. आहे.